पावसाळ्यात वाचलेली आपल्याच भागातली पुस्तकं (आणि थोडी कुरकुर)

मार्कंडेयकाठ

यंदा पावसानं काय सोडलं नाही बघा. उद्यमबागेतनं घरी येईपर्यंत रेनकोट असून पण माणूस चिंब, मग रात्री जेवलं की बाहेर कुठं जायचा प्रश्नच नाही. टीव्हीवरच्या बातम्या मी बीपीमुळं सोडल्यात. तर ह्या वेळी ठरवून बेळगाव-निपाणी-चिकोडी-धारवाड ह्या पट्ट्यातल्या लेखकांचीच पुस्तकं काढली, काही आधी वाचलेली, काही नुसती कपाटात धूळ खात पडलेली. परीक्षण बिरीक्षण नाही हे, जसं आठवंल तसं लिहितोय.

सुरवात लंपनपासनं, म्हणजे आजी-आजोबांकडं वाढणाऱ्या त्या पोरापासनं. प्रकाश नारायण संतांची वनवास, शारदा संगीत, पंखा आणि झुंबर, चारी सलग. २०२४ ला सोनी लिव्हवर मालिका आली तेव्हा शॉपवरची पोरं मला विचारायला लागली, सर हे पुस्तक आहे काय म्हणून. मालिकेला मी नावं ठेवत नाही, चांगली केलीय, खरं पुस्तकातला लंपन जेवढं तोंडानं बोलतो त्याच्या कितीतरी पट डोक्यात बोलतो आणि ते कॅमेऱ्यात कसं येणार ओ. त्याचं ते कशाचेही भलतेच आकडे ठोकून देणं, मैत्रीण सुमी समोर आली की आतनं काहीतरी होणं आणि ते काय होतंय ते त्याचं त्यालाच न कळणं, हे वाचायचंच आहे. गाव बेळगाव हे सांगायची गरजच पडत नाही, ज्या गोष्टीत कणबर्गी गंग्या नावाचं पोरगं आहे ती गोष्ट दुसऱ्या कुठल्या गावात घडणार? आणि एक विशेष म्हणजे वनवास पुस्तक आलं १९९४ ला, लेखकाचा जन्म १९३७ चा. म्हणजे पन्नाशी उलटून गेल्यावर, कराडला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या माणसाचं हे पुस्तक. एवढी वर्षं हे पोरगं त्यांनी आत कसं सांभाळून ठेवलं असेल कुणास ठाऊक.

ह्या वेळी मला जास्त भिडले ते आजी-आजोबा. लहानपणी वाचताना लंपन म्हणजे मीच होतो, आता वाचताना आईबापाला सोडून आलेलं पोर घरात वाढवायचं म्हणजे त्या म्हाताऱ्या जोडप्याला किती जपून वागावं लागत असेल ते दिसत होतं. आजी कधी जवळ घेऊन लाडबिड करत बसत नाही, कामाला लावते, ओरडते, आणि तरी त्या घरात पोरगं किती सुरक्षित आहे ते कळतं. झुंबरपाशी आलो तेव्हा मात्र दोन दिवस काही वाचलं नाही. ज्यांनी वाचलंय त्यांना कळेल.

मग साहजिकच त्यांच्या आईकडं वळलो, इंदिरा संत. कविता मला फार कळतात असं नाही. शेला, मृगजळ, रंगबावरी हे शाळेपासनं नुसते नावानं माहीत. पती ना. मा. संत १९४६ ला गेले, बाईंनी इथंच ट्रेनिंग कॉलेजात नोकरी करत पोरं वाढवली, आणि मृगजळ आलं १९५७ ला. हे माहीत असून वाचलं की त्या निसर्गाच्या साध्या वाटणाऱ्या ओळी साध्या राहत नाहीत. खरं सांगू काय, मला कवितांपेक्षा मालनगाथा जास्त आवडलं. जात्यावरच्या, बायकांच्या ओव्या गोळा करून त्यावर बाईंनी लिहिलंय. आईला मोठ्यानं वाचून दाखवायला लागलो तर ती मधेच थांबवून आमच्यात शेवट असा नव्हता म्हणायची आणि आपला शेवट म्हणायची. शेवटी पुस्तक बाजूला राहिलं आणि मी वहीच काढली.

तिसरे जी. ए. कुलकर्णी. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचा जन्म, शिक्षण बेळगावात, नोकरी धारवाडात. काजळमाया मी पूर्वी अर्धं सोडलेलं, ह्या वेळीपण अर्ध्यातच ठेवलं, मला झेपत नाही ते. खरं माणसे: अरभाट आणि चिल्लर हे एका दमात झालं. ह्या माणसाला एवढा मिश्कीलपणा होता हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! आठवणीतली माणसं एकेक करून अशी उभी केलीत की त्यातली दोन-तीन तर आमच्या गल्लीत अजून आहेत.

आता कुरकुर. हे सगळं वाचून एक गोष्ट डोक्यात बसली. आपल्याकडं सीमाप्रश्न भाषणात आहे, २००४ पासनं सुप्रीम कोर्टात आहे, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत आहे, खरं इथल्या चांगल्या पुस्तकांत तो जवळजवळ नाहीच. ह्या पुस्तकांतली माणसं घरात एक भाषा, बाजारात दुसरी बोलतात, कानडी शिव्या देऊन मराठीत माफी मागतात, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. मला तर वाटतं ते बरंच झालं. ज्या लेखकांनी भांडण बाजूला ठेवून माणसं लिहिली त्यांचीच पुस्तकं टिकली. बघा, पटतंय काय. नाही पटलं तर शिव्या द्या, कुठल्याही भाषेत.

कुंदावाला

रावसाहेबांना कसं काय विसरलात ओ? पु. ल. राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते तेव्हाची मैत्री, थिएटरवाले कृष्णराव हरिहर. लोक व्यक्ति आणि वल्लीत शोधत बसतात, ते गणगोतमध्ये आहे. माझ्याकडं पुलंच्या आवाजातलं पण आहे, गाडीत लावतो, पुण्याचा टोलनाका येईपर्यंत घरातले सगळे त्याच भाषेत बोलायला लागलेले असतात. पुण्याबिण्याच्या लोकांना ते विनोदी वाटतं. आम्हाला ते आमचे थोरले मामा वाटतात, फरक एवढाच.

निपाणीची_नात

मार्कंडेयकाठ दादा, लिहिलंय छान, पण तुमच्या यादीत महादेव मोरे नाहीत ह्याचा मला राग आला, स्पष्टच सांगते. यादीतले सगळे प्राध्यापक नाहीतर शिक्षक. आणि ज्या माणसानं निपाणीत आयुष्यभर पिठाची गिरणी चालवत कथा-कादंबऱ्यांचा ढीग लिहिला त्याचं नाव पट्ट्यातल्या पट्ट्यात पण कुणाला आठवत नाही. २०२४ ला ते गेले तेव्हा पेपरात दोन दिवस आलं, मग परत शांत.

माझी आजी तंबाखूच्या वखारीत कामाला होती. त्यामुळं मी काही निःपक्षपाती वाचक नाही हे आधीच सांगते. वखारीत काम करणारी बाई घरी आली की पहिली अंघोळ, नाहीतर लहान पोराला घ्यायची सोय नाही, लुगड्यातनं तंबाखूचा खाट बाहेर पडायचा आणि घरभर शिंका. हे मला आजीनं सांगितलेलं. मोरेंच्या गोष्टींत ड्रायव्हर आहेत, क्लीनर आहेत, गॅरेजमधली पोरं आहेत, वखारीतल्या बायका आहेत, देवाला सोडलेल्या बायका आहेत, आणि ते कुणाची कीव करत नाहीत हे मला सगळ्यात आवडतं. त्यांनी स्वतः टॅक्सी चालवली, गाड्या दुरुस्त केल्या, गिरणीवर दळणाचे डबे घेतले, त्यामुळं माणूस बोलतो कसा हे त्यांना लांबनं ऐकावं लागलं नाही. एकोणिसावी जात आणि झोंबड ह्या दोन मी ह्या वर्षी परत वाचल्या. भाषा रांगडी आहे, शिव्या आहेत, माझ्या सासूबाईंनी चार पानं वाचून पुस्तक उलटं ठेवलं. मधेमधे पाल्हाळ पण आहे, काही गोष्टी घाईत उरकलेल्या वाटतात, ते मी नाकारत नाही. दिवसभर गिरणी चालवून रात्री लिहिणाऱ्याला तेवढं माफ.

आणि तुमच्या कुरकुरीबद्दल. भांडण बाजूला ठेवून माणसं लिहिली म्हणता, पण भांडण काय फक्त भाषेचंच असतं का? निपाणीत १९८१ ला तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींबरोबर शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवला, गोळीबार झाला, माणसं मेली. त्या रस्त्यावर मराठी-कानडी दोन्ही शेतकरी बसलेले. वखारीतल्या बायकांच्या मजुरीचं भांडण वेगळंच. मोरे ह्या असल्या भांडणांच्या आतलेच लेखक आहेत.

मार्कंडेयकाठ

@निपाणीची_नात ताई, राग मान्य. मोरेंचं एकही पुस्तक माझ्या कपाटात नाही, आता आणतो. मिळतात कुठं पण?

निपाणीची_नात

दुकानात मिळाली तर नशीब समजा, बरीच छापील उपलब्ध नाहीत. जुन्या वाचनालयात बघा. गणपत गल्लीत सार्वजनिक वाचनालयात विचारा की, १८४८ पासूनचं आहे ते, असल्या ठिकाणीच सापडतील.

धारवाडी_पेढा

जी. एं.चा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं. काजळमाया अर्ध्यात सोडणाऱ्याला काय बोलायचं! मिश्कीलपणा आहेच हो, पण जी. ए. म्हणजे ते नव्हे. धारवाडात जनता शिक्षण समितीच्या कॉलेजात ते इंग्रजी शिकवायचे आणि त्यांच्या गोष्टींतला तो उन्हानं भाजलेला माळ, ओस पडलेलं देऊळ, तिठ्यावर थांबलेला माणूस, हे सगळं मला इथं रोज दिसतं. लोक म्हणतात निराशा फार आहे. मला निराशा नाही वाटत, मला ते हिशेब चुकता करणं वाटतं, माणसाला काय मिळणार आणि काय नाही हे लपवायचं नाही एवढंच. माझा सल्ला, सुरवात काजळमायापासनं करायचीच नाही. निळासावळा, पारवा, हिरवे रावे ह्या क्रमानं या, मग पिंगळावेळ, मग बाकीचं. पुरस्काराची गोष्ट माहीत असेलच, काजळमायाला १९७३ चा साहित्य अकादमी मिळाला, प्रकाशनाच्या तारखेवरनं कुणीतरी वाद काढला, तर ह्या माणसानं पुरस्कार सरळ परत करून टाकला. आजकाल कोण करतो?

मी ह्या महिन्यात त्यांची निवडक पत्रं वाचली, पहिला खंड, सुनीताबाई देशपांडेंना लिहिलेली. समोरासमोर माणूस टाळणारा हा गृहस्थ पत्रात किती मोकळा होतो बघा. काय वाचलं, कुठला सिनेमा बघितला, कुठली ओळ खटकली, पानंच्या पानं. ह्याच्या जोडीला सुनीताबाईंची प्रिय जी. ए. वाचली की दोन्ही बाजू ऐकल्यासारखं होतं. मला त्यात सुनीताबाई जास्त रोखठोक वाटल्या, जी. ए. जरा स्वतःच्या एकटेपणाच्या प्रेमात आहेत असं मधेमधे वाटून गेलं. (इथल्या जी. ए. भक्तांनी मारायला येऊ नये, मी पण तुमच्यातलाच.)

दोन भाषांचं म्हणाल तर आमच्या गावचे कवी द. रा. बेंद्रे बघा. घरात मराठी, कविता कानडी, आणि नाकुतंतीला १९७३ चं ज्ञानपीठ. त्यांना कुणी विचारलं नसेल तुम्ही कुठल्या बाजूचे म्हणून? विचारलंच असेल. पण लिहिणं थांबलं नाही.

मलप्रभा_खानापूर

किती छान धागा! मी शाळेत शिकवते, कन्नड बोलता फाडफाड येतं पण वाचताना अजून अक्षर अक्षर लावत बसते, त्यामुळं मला उमा कुलकर्णींचे अनुवाद म्हणजे आधारच आहे. गेल्या सप्टेंबरात, २०२५ ला, कन्नड कादंबरीकार भैरप्पा गेले तेव्हा शाळेतल्या कन्नडच्या बाई डोळे पुसत होत्या आणि आम्ही मराठीवाल्या पण, हेडमास्तरांना कळेना दोन्हीकडं एकदम काय झालं.

मग मी सुट्टीत वंशवृक्ष परत काढलं. कॉलेजात वाचलं तेव्हा कात्यायनीसाठी रडलेले, पुनर्विवाह करते आणि मुलाला मात्र गमावते म्हणून. आता वाचताना श्रीनिवास श्रोत्री पकडून ठेवतात. आयुष्यभर घराण्याचा, वंशाचा, धर्माचा भार डोक्यावर घेऊन चाललेला माणूस आणि म्हातारपणी स्वतःच्याच जन्माबद्दल त्याला काय कळतं, ते इथं सांगत नाही, ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी. भैरप्पांची मतं मला सगळी पटत नाहीत, पुढच्या कादंबऱ्यांत तर ते माणसाला बाजूला सारून वाद घालत बसतात असं मला वाटतं. आवरण मी दात-ओठ खात पूर्ण केलं. पण वंशवृक्षात आणि पर्वमध्ये तसं नाही. पर्वमध्ये चमत्कार सगळे काढून टाकलेत, उरतात ते थकलेले म्हातारे योद्धे आणि सोसणाऱ्या बायका. कुंती, द्रौपदी ह्यांच्या मनातलं वाचताना हे पुरुषानं लिहिलंय हे मी विसरून गेले होते.

आणि उमाताईंचं आत्मचरित्र संवादु अनुवादु नक्की वाचा, त्या मूळच्या आपल्या बेळगावच्याच. लग्नानंतर यजमान विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून टेपवर रेकॉर्ड करून ऑफिसला जायचे आणि ह्या घरकाम उरकून ते ऐकत मराठीत उतरवायच्या. मला ते वाचताना सारखं वाटत होतं की संसारातली केवढी मोठी गोष्ट आहे ही, नवऱ्यानं रोज बायकोसाठी मोठ्यानं वाचणं. आमच्याकडं लाईटबिल वाचून दाखवतात, तेही आरडाओरड करून. 😄 गिरीश कार्नाडांचं खेळता खेळता आयुष्य पण त्यांनीच मराठीत आणलंय, त्यात धारवाडचे दिवस भरपूर आहेत, पेढेवाल्या दादांनी वाचलं असेलच.

धारवाडी_पेढा

वाचलंय की! स्वतःबद्दल एवढं खरं लिहिणारा नाटककार मी दुसरा बघितला नाही.

अथणी_एसटी

मी जरा वेगळ्या वाटेनं जातो. राजन गवसांचं चौंडकं आणि भंडारभोग. लेखक गारगोटीकडचे, म्हणजे सरकारी नकाशाप्रमाणं पलीकडचे, खरं पुस्तकातला देव आपला, सौंदत्तीची यल्लमा. जोगवा सिनेमा ह्या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागरांच्या एका कथेवरनं केला. सिनेमा बघितलेला म्हणून पुस्तक सोपं जाईल वाटलेलं, अजिबात नाही. सिनेमात गाणी आहेत, तायाप्पा आणि सुलीची जोडी आहे, जरा तरी श्वास घ्यायला मिळतो. पुस्तकात नाही. डोक्यात जट आली एवढ्या कारणावरनं पोरीचं आयुष्य ठरवून टाकणारं घर, आणि त्या घरातले लोक काही राक्षस नाहीत हो, साधी घाबरलेली माणसं आहेत, हे जास्त वाईट. कर्नाटकात देवदासी सोडण्याविरुद्ध कायदा १९८२ चा, चौंडकं आलं १९८५ ला. पौर्णिमेच्या यात्रेला आमच्या रूटवर जादा गाड्या लागतात, मी कंडक्टर होतो, डोक्यावर देवीचा जग घेतलेल्या बायकांना तिकीट देताना मी कधी मान वर करून बघितलं नव्हतं. पुस्तक वाचल्यावर बघायला लागलो. एवढंच सांगायचं होतं, मला तुमच्यासारखं लिहायला येत नाही.

मलप्रभा_खानापूर

@अथणी_एसटी काका, कोण म्हणतं येत नाही?

कडोलीचा_पाहुणा

सगळं वाचलं. आता मूळ कुरकुरीला उत्तर देतो, जरा तिखट लागेल.

सीमाप्रश्न पुस्तकात नाही ते बरं झालं असं म्हणायला मार्कंडेयकाठ साहेबांना सोपं आहे. माझे वडील १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाऊन आले, हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर १ जूनला आम्ही अजून जातो. तिथं ज्यांची नावं आहेत ती माणसं नव्हती काय? त्यांच्या घरी नंतर काय झालं, कोण शिकलं, कोण मुंबईला गेलं, कुणाच्या बायकोनं शेत सांभाळलं, ह्याची कादंबरी कुठं आहे? १९४६ ला इथंच बेळगावात साहित्य संमेलन झालं, माडखोलकर अध्यक्ष, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथं झाला. २००० ला परत इथंच संमेलन, य. दि. फडके अध्यक्ष. म्हणजे साहित्यिक ठराव करायला इथं येतात आणि गोष्ट लिहायची वेळ आली की गप्प. आमच्या कडोलीला, उचगावला, येळ्ळूरला, बेळगुंदीला दरवर्षी गावच्या लोकांनी वर्गणी काढून संमेलनं भरवलेली आहेत, ग्रंथदिंडी काढतात, म्हाताऱ्या बायका डोक्यावर कलश घेऊन चालतात. पाहुणा लेखक येतो, सीमाबांधवांनो म्हणून भाषण ठोकतो, टाळ्या घेतो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. त्याच्या पुढच्या पुस्तकात आमचं गाव कधी आलेलं मी बघितलं नाही.

लंपन मला पण आवडतो. पण लंपनचं बेळगाव १९५६ च्या आधीचं आहे, तेव्हा आपण मुंबई राज्यात होतो, तेव्हा कुणाला काही वाटत नव्हतं ह्यात नवल काय?

कुंदावाला

हा मुद्दा आहे खरा. आता बोला मार्कंडेयकाठ.

मार्कंडेयकाठ

बोलतो की. @कडोलीचा_पाहुणा, लंपनच्या काळाचा तुमचा मुद्दा बिनतोड आहे. आणि तुमच्या वडलांवर कादंबरी हवी, हे शंभर टक्के. खरं मला भीती कशाची आहे ती सांगतो. ती कादंबरी आली तर तिच्यात आपली माणसं सगळी देवमाणसं आणि समोरची सगळी वाईट, अशी असेल. लाठी मारणारा पोलीस पण कुठल्यातरी गोकाक-बैलहोंगलचा गरीब घरचा पोरगा होता, ते पण त्यात यायला पाहिजे. ते जमत नसेल तर भाषणं आहेतच की. माझं म्हणणं विषयाला नाही, लिहिण्याच्या पद्धतीला आहे. तुम्हीच का लिहीत नाही? वर जे लिहिलंय, शेत सांभाळणारी बायको आणि मुंबईला गेलेला भाऊ, तिथूनच सुरू करा.

कडोलीचा_पाहुणा

पोलिसाचं पटलं. त्या दिवशी वडलांना दवाखान्यात नेणारा रिक्षावाला कानडीच होता, घरात अजून त्याचं नाव निघतं. लिहायचं बघतो. वचन देत नाही.

निपाणीची_नात

लिहा दादा. आणि रिक्षावाला ठेवा त्यात.

सदाशिवनगर_आई

मी नेहमी नुसती वाचते, आज एक प्रश्न विचारते. मुलगा सहावीत, इंग्लिश मीडियम. घरात मराठी, मित्रांशी हिंदी-कन्नड, वाचतो फक्त इंग्रजी कॉमिक. मराठी पुस्तक दिलं की दोन पानांत कंटाळतो. वरच्यातलं काय देऊ? जी. ए. देऊ नका म्हणजे झालं. 🙏

धारवाडी_पेढा

मी कुठं देतोय! मोठा होऊ दे, मग बघू.

मलप्रभा_खानापूर

हातात पुस्तक देऊच नका, तुम्ही मोठ्यानं वाचा. मी वर्गात असंच करते, पाठ्यपुस्तक मिटवायचं आणि शेवटची पंधरा मिनिटं नुसतं वाचून दाखवायचं. लंपन चालतोच चालतो, कारण तो आपल्या पोरांसारखाच बोलतो. ऐन रंगात आलं की घंटा होते, मग पोरं स्वतःच पुस्तक मागायला स्टाफरूममध्ये येतात. अवघड शब्द समजावत थांबू नका, त्यांना बरोबर कळतं.

कुंदावाला

आणि पुलंच्या आवाजातले रावसाहेब लावा गाडीत. शिव्यांची जबाबदारी तुमची.

सदाशिवनगर_आई

😄 चालेल. मग वनवासपासून सुरू करू का शारदा संगीत?

मार्कंडेयकाठ

वनवासच. मग शारदा संगीत, मग पंखा. झुंबर एवढ्यात कपाटातनं काढूच नका, ते त्याला दहावीनंतर स्वतःचं स्वतः वाचू दे. आणि ताई, शनिवारी गणपत गल्लीकडं गेलो की मोरेंची कुठली पुस्तकं आहेत ते बघून इथंच लिहितो, कुणाला हवी असतील तर आधी सांगा.

अथणी_एसटी

मला एक. कुठलंही चालेल, ड्रायव्हर-क्लीनरचं असेल तर उत्तम.